डोरोथीचे बूट चांदीचे होते, लाल नव्हते!

'विझार्ड ऑफ ऑझ' ही मुलांची गोष्ट म्हटली की सगळ्यांना तिच्यातल्या डोरोथी या मुलीचे लाल चकचकीत बूट आठवतात, पण ते १९३९ च्या सिनेमातले, टेक्निकलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या रंगीत चित्रीकरणात, उठून दिसावेत म्हणून लाल केलेले. फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या मूळ पुस्तकात बूट चांदीचे आहेत, आणि ते घालून ती पिवळ्या विटांच्या रस्त्यावरून चालते. एक चांदी, एक सोनं. ही गोष्ट म्हणजे अमेरिकेतल्या सोन्या-चांदीच्या चलनाच्या भांडणाचं रूपक आहे का, हा सगळा वाद इथूनच सुरू होतो.

१८७३ मध्ये अमेरिकेने कायदा करून नेहमीचा चांदीचा डॉलर पाडणं थांबवलं. पैसा सोन्याला बांधला गेला, सोनं अपुरं, त्यामुळे मालाचे भाव वर्षानुवर्षं पडत राहिले. भाव पडले तर बरंच की, असं आपल्याला वाटेल, पण कर्ज काढलेल्या शेतकऱ्याचं गणित उलटं असतं, गव्हाचा भाव निम्मा झाला तरी हप्ता तेवढाच, म्हणजे तोच हप्ता भरायला दुप्पट पोती विकायची. म्हणून शेतकऱ्यांची मागणी होती की १६ औंस चांदी बरोबर १ औंस सोनं असा दर धरून चांदीची नाणी पुन्हा मुक्तपणे पाडा. (औंस थोडक्यात लिहिताना 'ओझेड' लिहितात, म्हणजेच ऑझ, हाही एक तर्क. मला तो जरा ओढूनताणून वाटतो.)

यात आपली मुंबईपण आहे बरं का. जून १८९३ मध्ये इंग्रज सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं आणि चांदीचा भाव जगभर कोसळला. अमेरिकेत आधीच बँका बुडायला लागल्या होत्या, त्यात नोव्हेंबरमध्ये प्रेसिडेंट क्लीव्हलँडने सरकारी चांदी खरेदीचा कायदाच रद्द करून घेतला. पुढच्या वर्षी कॉक्सी नावाचा माणूस ओहायोतून बेकारांचा मोर्चा घेऊन वॉशिंग्टनला चालत गेला. १८९६ मध्ये चांदीच्या बाजूने लढणाऱ्या ३६ वर्षांच्या ब्रायन या नेत्याने शिकागोत भाषण ठोकलं, मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका, पण प्रेसिडेंटची निवडणूक जिंकला सोन्याच्या बाजूचा मॅकिन्ली. मार्च १९०० मध्ये सोन्याचं चलन कायद्याने पक्कं झालं आणि मे महिन्यात हे पुस्तक आलं.

तरी गोष्टीत चलनाचा वास कुणाला आला नव्हता, निदान अशी सविस्तर मांडणी तरी नव्हती. ती १९६४ मध्ये हेन्री लिटलफिल्ड नावाच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मास्तरांनी केली. डोरोथीच्या वाटेवरच्या सोबत्यांपैकी बुजगावणं म्हणजे शेतकरी, डरपोक सिंह म्हणजे डरकाळ्या फोडणारा ब्रायन, आणि टिनचा लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातला मजूर. हा शेवटचा भाग खरंच जबरी आहे, कारण पुस्तकात त्याच्या कुऱ्हाडीवर चेटूक होतं आणि ती एकेक अवयव छाटत जाते, प्रत्येक अवयवाच्या जागी टिन बसतं, शेवटी माणूस उरतच नाही. १९९० मध्ये ह्यू रॉकॉफ या अर्थतज्ज्ञाने हेच सूत्र आणखी ताणून थेट चलनाच्या इतिहासाला जोडलं आणि मग ते अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं.

पण बॉमच्या मनात हे होतं का? तो दक्षिण डकोटातल्या ॲबर्डीनला राहिलेला, दुष्काळात त्याचं दुकान बसलं, मग पेपर बसला, म्हणजे कर्जबाजारी शेतकरी त्याने जवळून पाहिलेला. पण १८९६ मध्ये त्याने पेपरात कविता छापली ती मॅकिन्लीच्या बाजूने, म्हणजे सोनेवाल्यांच्या! शिवाय प्रस्तावनेत तो सरळ लिहितो की गोष्ट फक्त मुलांच्या आनंदासाठी आहे. पुढे खुद्द लिटलफिल्डनेही कबूल केलं की बॉम चांदीवाल्यांच्या बाजूचा होता याला पुरावा नाही. वर्गात पोरांना तो काळ समजावा म्हणून त्याने ही जुळणी शोधली होती, ती कोडं सोडवल्यासारखी जगभर फिरली.

मला विचाराल तर सगळ्यात जमणारी गोष्ट वेगळीच आहे. डोरोथी ज्या जादूगाराला भेटायला निघते, त्याच्या पाचूच्या नगरीच्या दारावरचा पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकाला हिरवा चष्मा चढवतो, मागून कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात ठेवतो. शहर मुळात इतरांपेक्षा जास्त हिरवं नाहीच, हे जादूगार नंतर स्वतःच सांगतो. आणि त्या काळी अमेरिकेत कागदी नोटेला 'ग्रीनबॅक' म्हणायचे.