डाव्या हाताचे शब्द लांब, उजव्याचे आखूड

टायपिंगच्या क्लासला पहिले काही आठवडे एकच गोष्ट बडवायला लावतात, ए एस डी एफ जी एफ, मग सेमीकोलन एल के जे एच जे, पानंच्या पानं. दहावीच्या सुट्टीत मी हे करत होतो तेव्हा कंटाळून शेजारच्या मशीनवरच्या मुलाशी पैज लावली की कीबोर्डच्या एकाच ओळीतली बटणं वापरून जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द कोण काढतो. मधली ओळ तर बोटांना पाठच होती, म्हणून तिथून सुरू केलं. ग्लास, फ्लास्क, सॅलड... आणि संपलं. सहा अक्षरांच्या पुढे गाडी जाईना.

आता कळतं की आमच्या डोक्याचा दोष नव्हता. इंग्रजीत शब्द लांबवायचा तर स्वर लागतात आणि मधल्या ओळीतल्या नऊ अक्षरांत स्वर एकच, ए. त्यामुळे तिथे जे काही बनतं त्यात ए चीच भरती. सात अक्षरांचा अल्फाल्फा बघा, म्हणजे आपली लसूणघास, गुरांना घालतात ती. अलास्का पण तसंच, एका ओळीत टाइप होणारं अमेरिकेतलं ते एकमेव राज्य.

याच ओळीत एक जुनी खूण पण आहे. नीट बघितलं तर डी, एफ, जी, एच, जे, के, एल असं जवळजवळ एबीसीडीच्या क्रमाने लावलेलं दिसतं. अमेरिकेत मिलवॉकीला ख्रिस्तोफर शोल्सने १८६८ साली टाइपरायटरचं पेटंट घेतलं, त्याच्या सुरुवातीच्या मांडणीत अक्षरं वर्णक्रमाने होती, पुढे हलवाहलवी होत गेली आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीचं मशीन बाजारात आलं. मधल्या ओळीचा क्रम तेवढा शिल्लक राहिला, फक्त त्यातले दोघे गायब आहेत, ई आणि आय. दोन्ही स्वर! उचलून वरच्या ओळीत नेलेत. म्हणजे मधली ओळ गरीब झाली ती तिथे.

आणि वरची श्रीमंत. तिथे ई, यू, आय, ओ असे चार स्वर, वर वाय, शिवाय आर, टी, पी सारखी कामसू व्यंजनं. त्यामुळे प्रोप्रायटर, रेपर्त्वार, पर्पेच्युइटी असे दहा-दहा अक्षरी शब्द आरामात बसतात, आणि खुद्द टाइपरायटर हा शब्द पण दहा अक्षरी आणि त्याच ओळीतला. सेल्समनला गिऱ्हाइकासमोर झटकन हा शब्द बडवून दाखवता यावा म्हणून मुद्दाम तशी मांडणी केली असं सांगतात, पण त्याला पुरावा काही नाही, गोष्ट छान आहे एवढंच. टाइपरायटरला एका अक्षराने मागे टाकणारा शब्द आहे रप्चरवर्ट. ही जमिनीलगत पसरणारी एक वनस्पती, पूर्वी युरोपात लोक तिने हर्निया बरा होतो असं मानायचे, रप्चर म्हणजे हर्निया आणि वर्ट म्हणजे झाडपाला, शास्त्रीय नाव पण हर्नियारियाच.

खालच्या ओळीत स्वरच नाही, त्यामुळे तिथे घोरण्याच्या झेड झेड झेड पलीकडे काही नाही.

ओळी सोडून हातांकडे आलं की मजा वाढते. नियमाने टाइप केलं तर डाव्या हाताकडे १५ अक्षरं येतात आणि उजव्याकडे ११. पण खरा फरक आकड्याचा नाही. इंग्रजी मजकुरात दर शंभर अक्षरांत बाराएक तर नुसते ई असतात आणि ते ई, शिवाय ए, टी, एस, आर, डी, सगळे डाव्याकडे. म्हणजे अनेकवचनाचा एस डावा, भूतकाळाचा ईडी डावा, ईआर डावा. कुठलाही शब्द घ्या आणि शेपूट लावत जा, स्टुअर्डेसेस होतो बारा अक्षरांचा. त्याहून लांब आफ्टरकॅटरॅक्ट्स, चौदा. हा काही ओढूनताणून केलेला शब्द नाही, घरात कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर प्रकार माहीत असेल. डॉक्टर भिंग बदलतात पण त्याच्या मागची पातळ पिशवी तशीच ठेवतात, तिच्यावर उरलेल्या पेशी वाढत जातात आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागतं, मग लेझरने त्या पिशवीला मधोमध भोक पाडतात, काही मिनिटांचं काम.

उजव्या हाताला अनेकवचनाचा एसच नाही त्यामुळे त्याची तब्येत बेताचीच. लॉलीपॉप, मोनोपॉली, आठ-आठ अक्षरं. ओपिनियन, युनियन, मिलियन, ओनियन हे सगळे उजव्याचे कारण आयओएन हे शेपूट तेवढं त्याच्या वाट्याला आलंय. त्यात त्याला ग्रीक मदतीला धावून आलं आणि हायपोलिम्निऑन मिळाला, चक्क अकरा अक्षरी. खोल तळ्यात उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं आणि वाऱ्याने दोन्ही मिसळत नाहीत, तो खालचा थर म्हणजे हायपोलिम्निऑन. तिथे वरची हवा पोचत नाही म्हणून ऑक्सिजन पण कमी होत जातो.

मराठीत हाच खेळ खेळायचा तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड घ्या, त्यात वाटणी मुद्दामच केलेली आहे, काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. डाव्याकडे म, न, व अशी मोजकीच व्यंजनं येतात. त्यामुळे उजव्या हाताला काना-मात्रा नसलेले शब्दच जमतात, सरबत, हरकत, गलबत, आणि आपले ते सगळे जोडशब्द, गडबड, कटकट, लगबग. डाव्याने मी काल बरीच झटापट करून एक काढलाय, आठ वेळा बटण दाबावं लागतं पण उजवा हात पूर्ण वेळ चहाच्या कपावर ठेवता येतो: विमानाने.