होम पेजवर पोस्टर टाकण्याआधी हे वाचा

"साइट दिलीत तेव्हा गूगलचा स्कोअर हिरवा होता, आता लाल का?" आम्ही ज्यांच्या वेबसाइट बनवतो, त्यांच्याकडून सणासुदीच्या तोंडावर हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा कारण एकच असते: होम पेजवर अगदी वर टाकलेले शुभेच्छांचे किंवा ऑफरचे पोस्टर.

गूगल साइट जोखते ती साध्या फोनच्या हिशेबाने. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साधनाची मोबाइल चाचणी मध्यम कुवतीचा फोन आणि सेकंदाला १.६ मेगाबिटचे संथ नेट गृहीत धरते. मोबाइल ॲपवर बनवलेले पीएनजी पोस्टर सहज ४ एमबीचे असते, म्हणजे ३२ मेगाबिट. ते नुसते उतरायलाच २० सेकंद लागतात. गूगलची अपेक्षा अशी की पडद्यावरचा सर्वांत मोठा भाग, मग तो फोटो असो वा मजकूर, २.५ सेकंदांत दिसावा. दुकानातल्या वायफायवर पान झटकन उघडते, त्यामुळे ही अडचण तुमच्या नजरेस येत नाही. गिऱ्हाईक मात्र एसटीत बसून पान उघडत असते.

पोस्टरमध्ये दुसरी खोट आहे ती अक्षरांची. १६०० पिक्सेल रुंदीचे पोस्टर ३६० पिक्सेलच्या पडद्यावर पाव भागाहूनही लहान होते. ४० पिक्सेलचे अक्षर ९ पिक्सेलचे उरते आणि वेलांट्या-अनुस्वार दिसेनासे होतात. चित्रातला मजकूर शोधात येईलच याची खात्री नाही, अंध व्यक्तींच्या स्क्रीन रीडरलाही तो वाचता येत नाही. म्हणून आम्ही फोटो वेगळा ठेवतो आणि मजकूर त्यावर टाइप करतो. नेट संथ असले तरी ऑफर आधी वाचता येते, फोटो मागून येतो.

बॅनर स्वतः बदलणार असाल तर ब्राउझरमध्ये स्क्वूश उघडा. हे गूगलच्याच क्रोम टीमचे मोफत साधन आहे. फोटो टाका, रीसाइझमध्ये रुंदी १६०० करा, प्रकार वेबपी निवडा, क्वालिटी ७५ ठेवा. फाइल २०० केबीच्या आत आली पाहिजे. नाही आली तर क्वालिटी थोडी उतरवा. साइटवर वेग वाढवणारे प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) बसवले असेल तर पहिल्या बॅनरचे लेझी लोड, म्हणजे फोटो मागाहून उतरवण्याची सोय, बंद ठेवा, नाहीतर जो फोटो आधी हवा तोच उशिरा येतो. स्लायडर, म्हणजे एकामागून एक सरकणारे बॅनर, शक्यतो नकोच.

दुरुस्तीनंतर लगेच स्कोअर पाहून फोन करू नका. पेजस्पीडच्या अहवालात वरचा भाग खऱ्या क्रोम वापरकर्त्यांच्या मागच्या २८ दिवसांचा असतो, म्हणून तो सावकाश सुधारतो. भेटी कमी असतील तर तो भाग दिसतच नाही. खालचा स्कोअर त्या क्षणीच्या चाचणीचा. त्यात दर वेळी थोडा फरक पडतोच.

"बटणे एवढी मोठी का? एका ओळीत पाच बसवा," असेही सांगितले जाते. २०१४ साली आलेल्या गूगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये बोटाने दाबायची जागा किमान ४८ बाय ४८ डीपी (पडद्यावरच्या मापाचे एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, धरली आहे. आम्ही त्याखाली जात नाही. पिवळ्यावर पांढरी अक्षरेही देत नाही: मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात ४.५ ला १ इतका तरी फरक हवा, नाहीतर उन्हात काहीच दिसत नाही.

वार्षिक देखभाल करारात बॅनर बदलणे, फोटो हलके करणे आणि दर महिन्याचा वेग-अहवाल धरलेला आहे. सणाचा बॅनर हवा असल्यास दोन दिवस आधी कळवा. मूळ फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला तर तो आधीच आक्रसून येतो आणि कापायला जागा उरत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर टाइप होते तशा मराठीत, टाइप केलेला असावा. छापखान्याकडच्या जुन्या श्रीलिपी फॉन्टमधली फाइल पेस्ट केली की अक्षरे बिघडतात आणि सगळा मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो.