पीटीओ गती

ट्रॅक्टरच्या मागील बाजूस असलेल्या खाचदार दंडावर (पीटीओ, म्हणजे पॉवर टेक-ऑफ) अवजार जोडले असता त्या दंडाचे मिनिटाला जे फेरे होतात ती पीटीओ गती. ती मिळावी म्हणून इंजिन किती फेऱ्यांवर ठेवायचे, हा या नोंदीचा विषय आहे. चालकांच्या बोलीत याला ‘रेस लावणे’ म्हणतात. काम हाताच्या रेसवर (लावलेल्या जागी राहणाऱ्या दांड्यावर) करायचे असते, पायाच्या (पेडलच्या) नव्हे. दंडाची प्रमाण गती ५४० किंवा १,००० असते. इंजिनाचे फेरे याहून वेगळे असतात. ५४० फेरे देण्यासाठी इंजिन बहुधा १,५०० ते २,००० यांच्या दरम्यान कुठेतरी ठेवावे लागते. नेमका आकडा मॉडेलगणिक बदलतो आणि तो फेरेमापकावर ‘५४०’ या खुणेने किंवा मार्गदर्शिकेत दिलेला असतो.

उगम. इंजिनाची शक्ती दंडावाटे मागच्या अवजाराला देण्याची कल्पना नेमकी कोणाची, यावर एकमत नाही. ब्रिटनमध्ये १९०४ च्या सुमारास स्कॉट यांच्या ट्रॅक्टरवर असा दंड होता, असे काही अभ्यासक मानतात. फ्रान्समध्ये आल्बेर गूझी यांनी १९०६ मध्ये ट्रॅक्टरच्या दंडावर मॅकॉर्मिक बनावटीचे कापणी-बांधणी यंत्र चालवले. अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टरचे अभियंते एडवर्ड जॉन्स्टन यांनी ते पाहिले आणि त्यांच्या कंपनीने १९१८ च्या सुमारास ८-१६ या ट्रॅक्टरवर हा दंड विक्रीस आणला, ही साखळी अधिक पटण्याजोगी आहे. मात्र स्कॉट यांचे काम आधीचे असल्याने ‘पहिला पीटीओ’ हा मान अमेरिकी कंपनीला देणे बरोबर नाही. तिला ‘पहिला बाजारी पीटीओ’ एवढेच श्रेय द्यावे.

५४० हा आकडाही सुरुवातीला ५४० नव्हता. १९२० च्या दशकात अमेरिकी कृषी अभियंत्यांच्या संस्थेने जे प्रमाण ठरवले ते ५३६ फेरे, दहा अधिक-उणे, असे होते. तो आकडा कोणत्याही गणिती सिद्धान्तातून आला नसावा. तेव्हाच्या ट्रॅक्टरांच्या दंतचक्रांतून जे मिळत होते त्यावरच सर्व उत्पादकांना एकत्र आणले गेले, असे मानणे योग्य. पुढे तो ५४० असा सरळ करण्यात आला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस १,००० फेऱ्यांचे दुसरे प्रमाण आले, त्याचे कारण मात्र स्पष्ट आहे: ३० किलोवॉट शक्ती ५४० फेऱ्यांवर द्यायची तर दंडावर सुमारे ५३० न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) येतो, १,००० वर तो २८६ इतकाच येतो. म्हणजे त्याच जाडीचा दंड अधिक शक्ती पेलतो. चूक होऊ नये म्हणून खाचांची संख्या वेगळी ठेवली: ५४० साठी ३५ मिमी व्यासावर ६ खाचा, १,००० साठी त्याच व्यासावर २१. मोठ्या ट्रॅक्टरांसाठी ४५ मिमी व्यासावर २० खाचा. आज हे सर्व आयएसओ ५०० या मानकात येते. मागून पाहता दंड घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो.

मुंबईचा या इतिहासाशी थेट धागा आहे. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास व तीच इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापली आणि कांदिवलीच्या कारखान्यात बी-२७५ ट्रॅक्टर बनू लागला.

अवजारानुसार निवड. रेस इंजिनाच्या आवाजावर ठरवण्याची सवय सार्वत्रिक असली, तरी निर्णय अवजाराच्या स्वभावावर व्हायला हवा. पंखा, ब्लोअर आणि सेंट्रिफ्यूगल पंप यांत प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात बदलते. दंड ५४० ऐवजी ४८० वर चालवला तर प्रवाह ८९ टक्के राहतो, दाब ७९ टक्क्यांवर येतो आणि शक्ती फक्त ७० टक्के लागते. साचलेले पाणी उपसताना डिझेल वाचवण्यासाठी रेस उतरवली आणि पाणी वर चढेनासे झाले, की दोष पंपाला दिला जातो. वास्तविक पाणी चढवण्याची उंचीच वर्गाने घटलेली असते. पिस्टन किंवा डायफ्राम पंपाच्या फवारणी यंत्राचे तसे नाही. तेथे दाब नियंत्रक झडप ठरवते, फेरे कमी केल्यास फक्त प्रवाह घटतो. मात्र त्याच यंत्रावर पंखा असेल तर फेरे पूर्णच ठेवावे लागतात.

रोटाव्हेटरमध्ये ढेकूळ किती बारीक होईल हे रोटरचे फेरे आणि पुढे जाण्याचा वेग या दोहोंवर ठरते. रोटर २१० फेऱ्यांवर, एका तबकडीवर एका दिशेची ३ पाती आणि वेग ताशी ३ किमी असेल तर प्रत्येक पाते सुमारे ८ सेंमी माती कापते. रोटर १७० वर आणला की हाच घास जवळपास १० सेंमी होतो. ढेकळे मोठी राहिली तर रेस वाढवण्याआधी गिअर एक खाली घ्यावा. मळणी यंत्रात उलट काळजी: गती जास्त झाली तर दाणा फुटतो, कमी झाली तर दाणा भुश्यात जातो. सोयाबीन व हरभऱ्याला गव्हापेक्षा कमी ड्रमगती लागते. ती इंजिनाची रेस उतरवून नव्हे, पुली बदलून मिळवावी, नाहीतर भुसा उडवणारा पंखाही मंदावतो.

जनित्राच्या बाबतीत सूट नाही. चार ध्रुवांच्या जनित्राला ५० हर्ट्झसाठी १,५०० फेरे लागतात. ५४० ला १,५०० करणारी गिअरपेटी १ : २.७८ ची असते. दंड ४८० वर घसरला तर वारंवारता ४४.४ हर्ट्झ होते आणि जोडलेल्या मोटारी तापतात.

शहरात शेती नसली तरी ट्रॅक्टर दिसतो तो मुख्यतः रस्ता फोडणाऱ्या कॉम्प्रेसरसह, पाण्याच्या टँकरसह किंवा चौपाटीची वाळू चाळणाऱ्या यंत्रासह. कॉम्प्रेसर साधारण ७ बारवर चालतो. टाकी भरली की अनलोडर झडप कॉम्प्रेसरला बिनभाराचे करते आणि इंजिनाचा आवाज एकदम हलका होतो. दोन ब्रेकर (रस्ता फोडणारे हवेवरचे हातोडे) एकदम चालू असताना त्यांचा ठोका ढिला पडला, तर टाकीचा दाबमापक पाहावा: दाब उतरत असेल तर रेस अपुरी आहे किंवा व्हॉल्व्ह गळतात, दाब ठीक असेल तर दोष नळीत किंवा ब्रेकरमध्ये आहे.

गती लावण्याची रीत. इंजिन ८०० ते १,००० वर असताना पीटीओ जोडावा, नंतर हाताची रेस हळूहळू वाढवावी. उंच रेसवर जोडल्यास क्रॉस (जोडदंडाच्या सांध्यातला चौफुला) तुटतो किंवा शिअर बोल्ट (जादा भार आल्यास मुद्दाम तुटणारा बोल्ट) जातो, आणि बोल्ट गेला म्हणून त्याजागी सळईचा तुकडा घालणे हे पुढच्या वेळी गिअरपेटी फोडण्यासारखेच आहे. गती भाराखाली तपासावी. इंजिनाचे फेरे स्थिर राखणारा गव्हर्नर भार आल्यावर स्वभावतःच ते थोडे उतरू देतो. रिकाम्या अवजारावर ५४० लावल्यास भार आल्यावर ती ५१० च्या आसपास येऊ शकते. दंडावर परावर्तक पट्टी चिकटवून प्रकाशी फेरेमापकाने दुरूनच मोजता येते. इंजिनाचे हवे ते फेरे काढण्यासाठी मार्गदर्शिकेतले गुणोत्तर वापरावे: ५४० ला १,८०० असतील तर ४८० ला १,६०० लागतील.

‘५४० ई’ या सोयीत वेगळ्या दंतचक्रामुळे हेच ५४० फेरे साधारण १,४०० ते १,६०० इंजिन फेऱ्यांवर मिळतात आणि हलक्या कामात डिझेल वाचते. जड कामात तीच सोय घातक ठरते. इंजिन दबते, काळा धूर निघतो, पाण्याचे तापमान चढते. धूर दिसला की भार कमी करावा किंवा साध्या ५४० वर यावे.

५४० चे अवजार १,००० च्या दंडावर अडॅप्टर घालून चालवू नये. फेरे १.८५ पट होतात, पण पात्यावरचे केंद्रोत्सारी बल ३.४ पट होते. आवरण नसलेल्या दंडाचाही असाच हिशेब आहे: सेकंदाला नऊ फेरे, म्हणजे १० सेंमी व्यासाच्या योकवर (दंडाच्या सांध्याच्या दुबेळक्यावर) दर सेकंदाला पावणेतीन मीटरहून अधिक कापड गुंडाळले जाते.

जुन्या ट्रॅक्टरांवरील यांत्रिक तासमापक फेरे मोजतो, घड्याळ नव्हे. तो १,५०० वर बेतलेला असेल तर १,८०० वर तासभर केलेल्या कामाचे १.२ तास पडतात आणि ७५० वर उभ्या इंजिनाचे अर्धाच तास. त्यामुळे ऑइल बदलण्याचे तास मोजताना कॉम्प्रेसरवरच्या ट्रॅक्टरची, दिवसाचा मोठा भाग मंद रेसवर गेला असल्यास, वेगळी नोंद ठेवतात.