सर्व्हर डाऊन असताना रिफ्रेश का मारू नये

दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी दरवर्षी तेच ऐकू येतं, सर्व्हर हँग झालाय, रिफ्रेश मारत रहा, लागेल कधीतरी. हा सल्ला अगदी चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे ते सांगायचं तर मला इंटरनेटमधली सगळ्यात आवडणारी गोष्टच सांगावी लागेल.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते. कॉम्प्युटरच, दुसरं काही नाही. मागणारा तो क्लायंट, म्हणजे तुमच्या मोबाईलमधला ब्राऊझर, आणि देणारा तो सर्व्हर. जगातला पहिला वेब सर्व्हर म्हणजे १९९० साली सर्न या युरोपातल्या विज्ञान संस्थेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली वापरायचे तो नेक्स्ट कंपनीचा कॉम्प्युटर, कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर तसं लेबल चिकटवलेलं होतं.

तुम्ही साईटचं नाव टाकलं की डीएनएसकडून, म्हणजे इंटरनेटच्या टेलिफोन डिरेक्टरीकडून, त्याचा आयपी अॅड्रेस, म्हणजे त्या सर्व्हरचा नंबर मिळतो, हे झटकन होतं. मग ओळखपाळख. ब्राऊझर म्हणतो मला बोलायचंय, माझी मोजणी या नंबरपासून सुरू, सर्व्हर म्हणतो कळलं, माझी या नंबरपासून, ब्राऊझर म्हणतो मलाही कळलं. तीन निरोप. त्यानंतर कुलूपबंद बोलण्यासाठी किल्ल्या ठरतात आणि मगच 'हे पान दे' अशी खरी रिक्वेस्ट जाते.

आता खरी मजा. पान एकसंध येत नाही, त्याचे साधारण दीड हजार बाईटचे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. मधल्या राऊटरवर, म्हणजे पॅकेटं पुढे ढकलणाऱ्या मशीनवर, गर्दी झाली की तो सरळ पॅकेट टाकून देतो, कोणाला कळवत पण नाही. तरी आपल्याकडे पान अख्खं येतं, कारण टीसीपी, म्हणजे दोन्हीकडच्या मशीननी पाळायचे देवाणघेवाणीचे नियम. प्रत्येक बाईटला नंबर असतो आणि घेणारा रजिस्टर पोस्टासारखी पोच पाठवतो, की इथपर्यंत मिळालं, आता पुढचा अमुक नंबर पाठव. मधलंच एक पॅकेट हरवलं तर त्याच्या मागची पोचली तरी पोच मात्र 'मला अजून तोच नंबर हवाय' अशीच येत राहते, आणि अशी तीच पोच आणखी तीनदा आली की पाठवणारा समजतो, ते गेलं, आणि तेवढंच परत पाठवतो. पोच आलीच नाही तर ठराविक वेळ थांबून परत पाठवतो.

पण यातच एक मोठी गडबड लपलेली होती. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात, अंतर जेमतेम ४०० यार्ड, सेकंदाला ३२ हजार बिटचा वेग घसरून ४० बिटवर आला, म्हणजे सेकंदाला पाच इंग्रजी अक्षरं. तारा शाबूत, मशीनं शाबूत. झालं असं की गर्दीमुळे पोच उशिरा यायला लागली, पाठवणाऱ्यांना वाटलं पॅकेट हरवलं, त्यांनी परत पाठवलं, त्याने गर्दी अजून वाढली, पोच अजून उशिरा, आणि शेवटी रांगेत त्याच त्या पॅकेटच्या कॉप्याच फिरत राहिल्या. त्याच लॅबमधले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी यावर जो उपाय १९८८ मध्ये मांडला तो मला फार सुंदर वाटतो. सुरुवातीला थोडीच पॅकेटं पाठवा, पोच येत गेली की वाढवत न्या, आणि एखादं हरवलं की ती गर्दीची खूण समजून निम्म्यावर या. वरून हुकूम देणारा कोणीच नाही, प्रत्येक मशीन आपणहून माघार घेतं आणि रस्ता सगळ्यांना पुरतो.

रिफ्रेश मारणारा माणूस नेमका उलटा वागतो. आधीची रिक्वेस्ट पोचलेली असेल तर सर्व्हर बऱ्याचदा तिचं उत्तर तयार करतच असतो, ते तुम्ही टाकून देता आणि दुसरी रिक्वेस्ट रांगेच्या शेवटी लावता, आणि हेच लाखो जण एकदम करतात. स्क्रीनवर ५०३ हा एरर नंबर दिसला तर सर्व्हर साधारणपणे जिवंत असतो, फक्त आत्ता जमत नाहीये असं तो सांगतोय, तेव्हा दहा मिनिटं थांबा.

आणि ती 'नेट सुपरफास्ट करणारी' बूस्टर अॅप्स कृपया टाकू नका. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, मुंबई ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया सरळ रेषेत साधारण १३ हजार किलोमीटर, म्हणजे एका जाण्यायेण्याला किमान १३० मिलिसेकंद लागणारच, आणि ओळखपाळखीत अशा दोन-तीन फेऱ्या होतात. कुठलंच अॅप प्रकाशाला पळवू शकत नाही. फेरी लहान करायची तर सर्व्हरच जवळ आणावा लागतो, आणि नेटफ्लिक्स, गूगल तेच करतात, स्वतःचे सर्व्हर थेट इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जागेत नेऊन ठेवतात, त्यामुळे रात्री तुम्ही बघता तो व्हिडिओ बऱ्याचदा समुद्र ओलांडून येतच नाही.