मेनोनाइट

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेतून निघालेला ख्रिस्ती पंथ. अर्भकाचा बाप्तिस्मा या पंथाला मान्य नाही. श्रद्धा कळत्या वयात, स्वतःहून स्वीकारायची असते, ही त्यामागची भूमिका. शस्त्र न धरणे आणि शपथ न घेणे हे पंथाचे जुने नियम. जगभरातील बाप्तिस्मा घेतलेल्या अनुयायांची संख्या २० लाखांहून अधिक असून त्यांतील बहुसंख्य आज आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेत आहेत. घोडागाडी आणि काळी टोपी हे चित्र त्यांतल्या थोड्यांनाच लागू पडते.

२१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमधील एका घरी जमलेल्या मंडळींत कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. लहानपणी झालेला बाप्तिस्मा पुन्हा घेणारे म्हणून विरोधकांनी त्यांना ‘ॲनाबॅप्टिस्ट’ म्हटले. त्या काळी चर्चचे सभासदत्व आणि राज्याची प्रजा असणे या गोष्टी वेगळ्या नव्हत्या, त्यामुळे हा राजद्रोहच ठरला. ५ जानेवारी १५२७ रोजी त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला झुरिकच्या लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. पाण्याचा अपराध पाण्यानेच फेडायला लावण्याची ही क्रूर थट्टा होती. म्युन्स्टर शहरात काही ॲनाबॅप्टिस्टांनी १५३४-३५ मध्ये शस्त्रबळाने सत्ता बळकावल्यावर सगळाच पंथ बदनाम झाला. विखुरलेल्या शांततावादी मंडळ्यांना सावरले ते नेदरलंड्सच्या फ्रीसलंड प्रांतातील मेनो सायमन्सने. पाद्रीपद सोडून तो १५३६ मध्ये त्यांच्यात आला. पंथाचे नाव त्याच्यावरूनच पडले.

पंथाच्या घराघरांत सांगितली जाते ती मात्र डर्क विलेम्सची गोष्ट. १५६९ साली नेदरलंड्समध्ये तो कैदेतून निसटून गोठलेल्या पाण्यावरून पळाला. पाठलाग करणारा बर्फ फुटून आत पडला. डर्क मागे फिरला, त्याने त्याला ओढून वर काढले आणि त्यामुळेच पकडला जाऊन जिवंत जाळला गेला.

पुढचा इतिहास बराचसा स्थलांतरांचा आहे. १६८३ मध्ये पेन्सिल्व्हेनियात जर्मनटाउन वसले. १७८९ पासून आजच्या पोलंडमधील व्हिस्टुला नदीच्या खोऱ्यातील कुटुंबे आजच्या युक्रेनमध्ये गेली. तिथली लष्करी सेवेची सूट धोक्यात येताच १८७०च्या दशकात हजारो जण अमेरिकेतील कॅन्सस व कॅनडातील मॅनिटोबात गेले. १९२०च्या दशकात कॅनडातले काही जण पुढे मेक्सिको व पॅराग्वेत गेले. दरम्यान १६९३ मध्ये याकोब अमान याने बहिष्कृतांना अधिक कडकपणे वाळीत टाकण्याचा आग्रह धरला. त्याचे अनुयायी ते आमिश.

भारतात १८९९ मध्ये अमेरिकन मेनोनाइट मिशनरी धमतरीला आले. हा भाग तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. दुष्काळी मदत, अनाथालय आणि रुग्णालय यांतून तिथली मंडळी उभी राहिली. घोड्याची बग्गी पाहून तिथले मेनोनाइट आपल्याइतकेच चकित होतील!

साधी राहणी कटाक्षाने पाळणाऱ्या ‘ओल्ड ऑर्डर’ मंडळ्यांत पाळक पगारी नसतो आणि शिकून आलेलाही नसतो. मंडळी नावे सुचवते. जितके उमेदवार, तितकी पुस्तके टेबलावर ठेवतात. त्यांतल्या एकात चिठ्ठी असते. प्रत्येकाने एकेक पुस्तक उचलायचे, आणि ज्याच्या हाती चिठ्ठी येईल तो पाळक, तोही जन्मभर. शेती सांभाळून प्रवचने द्यायची ही जबाबदारी एका क्षणात अंगावर येते. निवड झालेल्याच्या घरचे लोक रडतात, यात नवल नाही.

यंत्राचा प्रश्न त्यांच्याकडे ‘चालेल की नाही’ एवढ्यावर सुटत नाही. त्याने माणसे लांब जातील का, हे पाहिले जाते. पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात १९२७ मध्ये मोटारीवरून फूट पडली. मोटार स्वीकारणाऱ्या बिशप होर्निंगच्या गटाने ती काळी असावी असे ठरवले. पुष्कळांनी चकाकणारा बंपरही काळा रंगवून टाकला. मोटार नाकारणाऱ्या जोसेफ वेंगरच्या गटाने बग्गी राखली. शेतात ट्रॅक्टर चालतो, पण त्याला रबरी टायर नाहीत. आपल्या जुन्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे, तशी त्याची लोखंडी चाके. अशा ट्रॅक्टरवर बसून बाजाराला जायचा मोह कुणाला होणार?

फूट पडली तरी काही उपासनागृहे दोघांनी सामाईक ठेवली. एका रविवारी तिथल्या दांड्यांना घोडे बांधलेले असतात, पुढच्या रविवारी त्याच आवारात काळ्या मोटारी लागतात.