बेने इस्राएली सणांचे गोड पदार्थ

कोकणातील बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजात सण, उपवास, नवस आणि मंगलकार्ये यांच्या निमित्ताने घरोघरी केले जाणारे गोड पदार्थ. गव्हाच्या चिकाचा हलवा, मलिदा, नारळाच्या रसातली खीर, सारण भरलेल्या पुऱ्या, पुरणपोळी, खजुराचा पाक आणि मनुकांचे सरबत हे त्यांपैकी प्रमुख होत. यांतील बहुतेक पदार्थ नावाने व रूपाने शेजारच्या कोकणी घरांतलेच आहेत. वेगळेपण आहे ते घटकांच्या निवडीत आणि पदार्थ कोणत्या दिवशी, कोणत्या प्रार्थनेसह ताटात येतो यात.

समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून हा समाज वाढला. त्या अपघातात बुडालेल्यांचे स्मारक नवगावला आहे. पुढे ही कुटुंबे अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, रोहे या भागांतील गावांत विखुरली, तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली गेली. दिवेकर, किहिमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे त्या गावांचीच खूण सांगतात. तांदूळ, नारळ, गूळ आणि तेल ही त्या गावांतील रोजची सामग्री होती आणि गोडधोडही त्यांतूनच घडले.

या पाककलेचा कणा म्हणजे नारळाचे दूध. तोरा या ज्यू धर्मग्रंथातील आज्ञेनुसार करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये. ही आज्ञा तोरातील ‘निर्गम’ या पुस्तकात दोनदा व ‘अनुवाद’ या पुस्तकात एकदा आली असून तिच्यावरून मांस आणि दूध एकत्र न शिजवण्याचा व एका जेवणात न खाण्याचा नियम ज्यू धर्मशास्त्राने घालून दिला आहे. सणाच्या जेवणात मटण किंवा कोंबडी असली, की त्यानंतर बासुंदी, पेढा, खव्याची मिठाई, तुपातला शिरा यांपैकी काहीही चालत नाही. नारळाचे दूध मात्र धर्मशास्त्राच्या दृष्टीने दूधच नव्हे, ते फळाचा रस आहे. त्यामुळे कोकणातील गृहिणीला मांसाच्या जेवणानंतरही दाट, स्निग्ध आणि गोड असा पदार्थ वाढता आला. नियमाने एक वाट बंद केली खरी, पण परसातल्या माडाने दुसरी उघडून दिली, आणि म्हणूनच बेने इस्राएली गोडाला तुपाचा नव्हे, तर नारळाचा वास येतो. याच नियमामुळे तळण्यासाठीही तुपाऐवजी तेल वापरतात.

सणांची जुनी नावेही लक्षात घेण्यासारखी आहेत. सिनेगॉग (ज्यू प्रार्थनागृह) आणि हिब्रू प्रार्थनापुस्तके येण्यापूर्वी सण मराठी नावांनीच ओळखले जात : रोश हशाना हा ज्यू नववर्षाचा दिवस म्हणजे ‘नव्याचा सण’, योम किप्पूर हा प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस म्हणजे दारे बंद करून पाळायचा ‘दारफाळणीचा सण’, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’, पुरीम म्हणजे ‘होळीचा सण’. यांपैकी दोन नावे तर थेट स्वयंपाकघरातून आलेली आहेत. ‘खिरीचा सण’ हे एक. दुसरे ‘बिरड्याचा सण’, म्हणजे ज्यू पंचांगातील अब महिन्याच्या नवमीचा शोकदिन. यरुशलेमचे मंदिर दोनदा उद्ध्वस्त झाले, त्याच्या स्मरणाच्या या दिवशी केळीच्या पानावर मोड आलेल्या वालांचे बिरडे वाढत आणि गोड अर्थातच वर्ज्य असे. मंदिराच्या नाशानंतर दूरदेशी राहिलेल्या समाजाने त्या दुःखाची आठवण वालाच्या उसळीच्या नावाने जपावी, यात या लोकांचे कोकणीपण आणि ज्यूपण किती एकजीव झाले होते ते दिसते. मुंबईत सामुएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. त्यानंतर हिब्रू नावे रूढ झाली, हनुक्कासारखे पूर्वी माहीत नसलेले सण आले, पण ताटातले पदार्थ फारसे बदलले नाहीत.

चिकाचा हलवा हा नव्याच्या सणाचा मानाचा पदार्थ होय. ज्या चिकाच्या कुरडया महाराष्ट्रात उन्हाळ्यात घातल्या जातात, त्याच चिकाचा हा हलवा होतो. गहू तीन दिवस भिजवतात आणि रोज पाणी बदलतात. दाणा बोटांत दाबताच पांढरे दूध बाहेर पडू लागले, की गहू वाटून मलमलीच्या कापडातून पिळून घेतात. हे पाणी रात्रभर निवळत ठेवले, म्हणजे सकाळी वर पिवळसर, आंबूस पाणी आणि तळाशी खडूसारखा पांढरा चीक बसलेला आढळतो. वरचे पाणी हलकेच ओतून टाकतात. नारळ खवून त्याचे दाट व पातळ असे दोन्ही प्रकारचे दूध काढतात आणि चीक, नारळाचे दूध, साखर व चिमूटभर मीठ ही सगळी सामग्री विस्तवावर ठेवण्याआधी, थंड असतानाच एकत्र कालवतात. चीक गरम रसात पडला, तर त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या पुढे कितीही घोटले तरी मोडत नाहीत.

खरे काम यानंतर सुरू होते. जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण मंद आचेवर ठेवून लाकडी कालथ्याने ते अखंड ढवळावे लागते. सुरुवातीला ते पेजेसारखे पातळ असते, मग अचानक घट्ट होते आणि कालथा जड वाटू लागतो. एकट्या बाईचा हात भरून येतो, म्हणून जावा, नणंदा, मुली आळीपाळीने ढवळायला बसतात आणि घरातल्या पुरुषांच्याही हाती कालथा येतो. चीक शिजत जातो तसतसा पांढरा रंग जाऊन त्याला काचेसारखी झाक येते, नारळाचे तेल कडेने सुटू लागते आणि शेवटी सगळा गोळा पातेल्याची कड सोडून कालथ्याभोवती जमा होतो. एक थेंब ताटलीत टाकून निवल्यावर बोटाला चिकटत नसेल, तर हलवा झाला असे समजतात. वेलचीची पूड व गुलाबी रंग घातलेला हा हलवा थाळ्यात ओतून वरून बदाम, पिस्ते व चारोळी पसरतात आणि पूर्ण निवल्यावर त्याच्या शंकरपाळ्याच्या घाटाच्या वड्या कापतात. या कामाला काही तास लागतात. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी विस्तव पेटवण्यास मनाई असल्याने नवे वर्ष शनिवारी येत असेल, तर हलव्याचा घाट शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच उरकावा लागतो.

अलीकडे चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास वापरून अर्ध्या तासात हलवा करण्याची पद्धत पडली आहे. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होते, त्यामुळे ते धर्माला चालते. जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होणारे जिलेटिन वापरत नाहीत. चायना ग्रासचा हलवा दिसायला सुबक असतो, पण तो दाताखाली कट्कन तुटतो. चिकाच्या हलव्याचा लवचीकपणा आणि त्याच्या अंगात मुरलेला नारळाचा स्निग्धपणा त्याला येत नाही, हे मान्य करायला हवे.

रोश हशानाने सुरू होणाऱ्या तिश्री या ज्यू महिन्याच्या 4 तारखेचा खिरीचा सण भातशेतीशी जोडलेला आहे. तिश्री साधारणपणे भाद्रपदाच्या अखेरीस किंवा आश्विनाच्या आरंभी सुरू होतो (2024 मध्ये रोश हशाना आणि घटस्थापना 3 ऑक्टोबरला एकाच दिवशी आले होते) आणि याच सुमारास कोकणात हळवी भाते तयार होऊ लागतात. नव्या धान्याची, नारळाच्या रसात शिजवलेली गोड खीर करून ती प्रार्थनेनंतर वाटून खात. आजूबाजूच्या शेतकरी घरांतील नवान्नाशी तिचे साम्य उघड आहे. सुकोथ या सुगीच्या सणाची ही कोकणातील आठवण असावी, असे काही अभ्यासकांना वाटते.

योम किप्पूरच्या कडक उपवासाच्या मागेपुढे सारण भरलेल्या पुऱ्या केल्या जातात. ‘पुरी’ म्हटली जात असली, तरी ती करंजीच्या जातीची असते. भाजलेला रवा, खवलेला नारळ, साखर, बेदाणे आणि वेलची यांचे सारण पारीत भरून ती तेलात तळतात. सारण कोरडे असल्याने ती दोन-चार दिवस सहज टिकते आणि म्हणूनच शिळ्या सणाला, जेव्हा आप्तेष्टांच्या भेटी घ्यायच्या आणि गोरगरिबांना दान द्यायचे, तेव्हा ती उपयोगी पडते.

मलिदा हा पदार्थही आहे आणि विधीही, आणि या समाजाची अशी ओळख दुसऱ्या कोणत्याही पदार्थाने इतकी ठळकपणे होत नाही. एरवी मराठीत मलिदा म्हणजे तूप-गूळ घालून कुस्करलेली पोळी. शब्दाचे मूळ फारसी असून चोळणे, कुस्करणे हा त्याचा अर्थ आहे. बेने इस्राएली मलिद्यात मात्र पोळी नसते. धुऊन निथळलेले पोहे, ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची, जायफळ, बेदाणे, बदाम व पिस्ते हाताने हलकेच एकत्र करतात. मोठ्या ताटात त्याची रास रचून भोवती केळी, खजूर, सफरचंद अशी किमान पाच प्रकारची फळे मांडतात, वर गुलाबाच्या पाकळ्या पसरतात आणि बाजूला सब्जासारखी सुवासिक पाने ठेवतात. पाने, कारण ज्यू परंपरेत झाडाच्या फळासाठी, जमिनीतून उगवणाऱ्या पिकासाठी आणि सुगंधासाठी वेगवेगळे आशीर्वाद म्हणायचे असतात आणि मलिद्याच्या ताटाभोवती ते क्रमाने म्हटले जातात. पूर्वी गावचा काजी आणि आता हज्जान (सिनेगॉगमधील प्रार्थना चालवणारा) किंवा घरातील जाणता माणूस ही प्रार्थना चालवतो. एलियाहू हनाबी या संदेष्ट्याची स्तुती सगळे मिळून गातात, इसहाकाने याकोबाला दिलेल्या आशीर्वादाची वचने म्हणतात आणि मग फळाची एकेक फोड व मूठभर मलिदा प्रत्येकाच्या हातावर येतो.

लग्नापूर्वी, सुंतेच्या वेळी, नव्या घरात पाऊल टाकताना, आजारातून उठल्यावर किंवा बोललेला नवस फेडताना मलिदा केला जातो. शेवात महिन्याच्या 15 तारखेला, पौर्णिमेच्या सुमारास, एलियाहू हनाबीचा उरूस भरे. एलियाहू अग्निरथातून स्वर्गाला जाताना अलिबागजवळच्या खंडाळे येथे उतरला, अशी समाजाची श्रद्धा असून तेथील खडकावरच्या खुणेला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. तेथे जाऊन मलिदा करण्याची प्रथा आजही चालू आहे. मलिद्याला विस्तव लागत नाही, तो घरून ताटात बांधून नेता येतो, त्यामुळे यात्रेसाठी याहून सोयीचा पदार्थ मिळणे कठीण. लेवीय पुस्तकात वर्णिलेल्या अन्नार्पणाचा हा अवशेष आहे, असे समाजातील अनेक जण मानतात, तर अभ्यासक त्यात हिंदू नैवेद्य आणि मुस्लिम फातेहा यांचाही प्रभाव पाहतात. पोहे, नारळ आणि फुले कोकणची, आशीर्वाद हिब्रू आणि शब्द फारसी, एवढे निश्चित सांगता येते.

पुरीम अदार महिन्याच्या पौर्णिमेला आणि होळी फाल्गुनी पौर्णिमेला येत असल्याने दोन्ही सण पुष्कळदा एकमेकांला लागून असतात, आणि दोन्हींना पुरणपोळी होते. पुरीमच्या जेवणात मांस असेल, तर पोळीवर तुपाची धार घेता येत नाही. अशा वेळी वेलची घातलेले गोड नारळाचे दूध सोबत घेतात, जे कोकणात इतरांकडेही चालते. राणी एस्तेरने हामानाच्या कटातून आपल्या लोकांना वाचवले, त्याची आठवण म्हणून या दिवशी एकमेकांना किमान दोन खाद्यपदार्थ पाठवायचे असतात आणि गरिबांना दान द्यायचे असते. पुरणपोळ्या आणि करंज्या यांची झाकलेली ताटे त्या दिवशी शेजारीपाजारीही फिरतात.

पेसाख या मिसर देशातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या आठ दिवसांत गोडाचे गणित उलटते. खमीर झालेल्या धान्याला घरात जागा नसल्याने गव्हाचा चीक, रवा, पुरणपोळी सगळे बाद होते. घरे चुन्याने रंगवून, तांब्या-पितळेच्या भांड्यांना नव्याने कल्हई करून सणाची तयारी होत असे. युरोपातील अनेक ज्यू या काळात तांदूळ खात नाहीत. बेने इस्राएलांनी मात्र सेफार्दी (मुळात स्पेनमधील ज्यूंची) परंपरा स्वीकारली असून तिच्यात तांदूळ चालतो, त्यामुळे निवडून पाखडलेला भात व भाकरी ताटात राहतात. पेसाखच्या पहिल्या रात्रीच्या ताटात मिसर देशातील गुलामगिरीत केलेल्या चिखल-विटांच्या कामाचे प्रतीक म्हणून एक गोड पदार्थ असतो. तो येथे खजुराचा करतात. खजूर पाण्यात शिजवून, कुस्करून, कापडातून गाळून तो पुन्हा आटवला, की काळसर दाट पाक तयार होतो.

शब्बाथच्या संध्याकाळचे सरबतही याच घरगुती परंपरेतले. किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथच्या आरंभीच्या आशीर्वादाच्या, प्याल्यासाठी द्राक्षरस हवा आणि धर्माला चालेल असा द्राक्षमद्य कोकणातल्या गावात मिळणे शक्य नव्हते. म्हणून काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजवून, चुरून आणि गाळून सरबत करतात आणि त्यावर आशीर्वाद म्हणतात. मुळात द्राक्षच असल्याने ते द्राक्षरसाच्या जागी चालते, आणि दुकानात द्राक्षरसाच्या बाटल्या मिळू लागल्या तरी ते करण्याची सवय अनेक घरांनी सोडलेली नाही.

1948 नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली आणि आज अश्दोद, बेर्शेबा, दिमोना, लोद, रामला अशा शहरांतून त्यांची वस्ती आहे. भारतात काही हजार लोक, मुख्यतः मुंबई, ठाणे आणि रायगड जिल्ह्यात उरले आहेत. दोन्हीकडे मलिदा टिकून आहे. इस्राएलमध्ये शेवातच्या पौर्णिमेला ही कुटुंबे खंडाळ्याऐवजी हैफा येथील एलियाहूच्या गुहेकडे जातात, भारतीय दुकानांतून आणलेले पोहे भिजवतात आणि ताटाभोवती स्थानिक खजूर, डाळिंबे व संत्री मांडतात.