हुकूम १९४८चा, पण न्हाव्याची खुर्ची मिळायला १९७० उजाडलं

अमेरिकन सैन्यातला वर्णभेद कसा संपला असं विचारलं की सगळे एकच उत्तर देतात, राष्ट्राध्यक्ष ट्रूमनचा हुकूम, २६ जुलै १९४८, नंबर ९९८१. बरोबरच आहे ते. पण बराकीत कॉट शेजारी-शेजारी लागल्या म्हणून सैनिकाचं जगणं बदललं असं होत नाही, कारण त्याला केस कापायचे असतात, बायकोला घर हवं असतं, पोरांना शाळा लागते. मला वाटतं ही गोष्ट सांगायची तर तिथूनच सांगायला हवी.

आधी थोडं मागचं. सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे १८६१-६५च्या अमेरिकन यादवी युद्धात, गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळायचे आणि काळ्याला १०, त्यातूनही ३ कपड्याचे कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या काळ्या शिपायांच्या ५४व्या रेजिमेंटने सरळ सांगितलं की घेऊ तर पूर्ण पगार घेऊ नाहीतर काहीच नको, आणि वर्षभराहून जास्त काळ ते बिनपगारी लढले, घरी बायकापोरं उपाशी असताना. समान पगाराचा कायदा १८६४ साली आला. पुढे दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांवर काळे लोक सैन्यात होते, पण बहुतेकांना ट्रक चालवणं, माल चढवणं-उतरवणं, स्वयंपाक असलीच कामं. दक्षिणेत तर जर्मन युद्धकैदी हॉटेलात टेबलावर बसून जेवतायत आणि काळ्या अमेरिकन सैनिकाला मात्र मागच्या दाराने किचनमध्ये जाऊन खावं लागतंय, असं खरोखर घडलंय. १९४४ मध्ये एका कॉर्पोरलने सैन्याच्याच मासिकाला पत्र लिहून हे सगळं सांगितलं होतं.

आणि मग आयझॅक वुडर्ड. १२ फेब्रुवारी १९४६. पॅसिफिकमधून परत आलेला काळा सार्जंट, वय २६, त्याच दिवशी जॉर्जियातल्या कॅम्पमधून सन्मानाने सेवामुक्त झालेला, अंगावर अजून युनिफॉर्म, बसने घरी निघालेला. वाटेत लघवीला उतरू द्या म्हणाला म्हणून ड्रायव्हरशी बोलाचाली झाली, तर पुढे साउथ कॅरोलायनातल्या बेट्सबर्गला ड्रायव्हरने पोलिसांना बोलावलं, आणि तिथल्या पोलीस चीफने दंडुक्याने त्याचे दोन्ही डोळे कायमचे घालवले. चीफवर खटला झाला, सगळे ज्युरी गोरे, अर्ध्या तासात निर्दोष. ट्रूमन स्वतः मिझुरीचा, जुन्या वळणाच्या घरातला माणूस, पण हे ऐकून तो हादरला. तिकडून काळ्यांचा कामगार नेता ए. फिलिप रँडॉल्फने सांगून टाकलं होतं की भेदभाव असलेल्या सैन्यात आमची पोरं भरती होणार नाहीत, त्यात १९४८ निवडणुकीचं वर्ष. या सगळ्यातून तो हुकूम निघाला.

गंमत नाही, पण हुकुमात 'काळ्या-गोऱ्यांच्या वेगवेगळ्या तुकड्या बंद करा' असं कुठेच लिहिलेलं नाही, 'समान वागणूक आणि संधी' एवढंच आहे. त्यामुळे आर्मीने जमेल तेवढं टाळलं. खरी मोडतोड केली कोरियाच्या युद्धाने, गोऱ्या तुकड्यांत माणसं कमी पडायला लागली आणि काळे रिक्रूट तर भरपूर होते, मग कमांडरांनी गरज म्हणून मिसळायला सुरुवात केली, १९५१ मध्ये तिथला सरसेनापती रिजवेने रीतसर परवानगी घेतली, आणि १९५४ पर्यंत शेवटची वेगळी तुकडी गेली.

पण गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की परत तेच! दक्षिणेत ज्या गावाजवळ बेस तिथे काळ्या सैनिकाला भाड्याने घर नाही, मिळालं तर गावाच्या टोकाला मोडकं, आणि पोरांना काळ्यांच्या वेगळ्या शाळेत घालायचं. दिवसभर ज्याच्याबरोबर ड्युटी केली तो मित्र संध्याकाळी ज्या हॉटेलात जातो तिथे याला प्रवेश नाही. केनेडीने नेमलेल्या गेसेल कमिटीने १९६३ मध्ये हे स्पष्ट मांडलं, म्हणजे बेसच्या बाहेर काय चालतं ही पण कमांडरची जबाबदारी आहे असं. संरक्षणमंत्री मॅकनमाराने १९६७ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज तळाच्या आसपास भेदभाव करणाऱ्या घरमालकांकडे कुठल्याच सैनिकाने, गोऱ्याने सुद्धा, भाड्याने राहायचं नाही असं फर्मान काढलं, तेव्हा कुठे मालकांच्या खिशाला झळ बसली.

नेव्हीत तर त्याहून उशीर. नेव्हीचा प्रमुख अ‍ॅडमिरल झुमवॉल्टने काळ्या ऑफिसरांना आणि त्यांच्या बायकांनाही बोलावून बसवलं आणि नुसतं ऐकलं, आणि डिसेंबर १९७० मध्ये जो आदेश काढला, झेड-६६, तो वाचला की पोटात तुटतं, कारण त्यात किती साध्या गोष्टी मागाव्या लागल्या ते दिसतं. मोठ्या तळांवर काळ्यांचे केस कापता येणारा न्हावी ठेवा. दुकानात त्यांच्या त्वचेला चालेल असं क्रीम-पावडर ठेवा. कोबीसारखी कॉलर्डची भाजी ठेवा, लायब्ररीत त्यांची पुस्तकं ठेवा. हुकूमाला तोवर २२ वर्षं झाली होती, आणि एवढं करूनही ऑक्टोबर १९७२ मध्ये व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ किटी हॉक जहाजावर काळ्या-गोऱ्या नाविकांची रात्रभर मारामारी झालीच.